माफीपत्रं लिहिणाऱ्या विभावरीताई

विभावरीताई राजाध्यक्ष आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. अल कुसैसमधल्या आमच्या इमारतीत सातव्या मजल्यावर लिफ्टमधून बाहेर पडलं की डावीकडे त्या आणि उजवीकडे आम्ही. मला दुबईला येऊन नऊ वर्षं झाली आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझी एक चूक काढली होती. बाळ झोपलंय, बेल वाजवू नका, असा इंग्रजी कागद मी दाराला चिकटवला होता. त्यांनी बेल वाजवली.

"बाळ झोपलंय ते वाचलं मी," त्या म्हणाल्या. "पण 'स्लीपिंग'मध्ये दोन पी नसतात."

बाळ उठलं. विभावरीताईंनी त्याला खांद्यावर टाकून स्वतःच्या घरी नेलं, दोन तास सांभाळलं, वर मला डोसेही पाठवले. सॉरी मात्र म्हणाल्या नाहीत. चूक पीची होती, त्यांची नव्हती.

त्या मूळच्या डोंबिवलीच्या. स्टेशनजवळच्या एका भाड्याच्या लायब्ररीतली इंग्रजी कपाटं त्यांनी कॉलेज संपेपर्यंत वरपासून खालपर्यंत वाचून काढली होती. इंग्रजी घेऊन एम.ए. झाल्या आणि चारुदत्त राजाध्यक्षांशी लग्न करून दुबईला आल्या. चारुदत्तजी एका कंत्राटदार कंपनीत एस्टिमेटर, म्हणजे कुठल्याही इमारतीकडे बघून तिच्यात किती किलोमीटर पाइप लागला असेल ते सांगणारे. येताना विमानतळावर सामान नऊ किलोनं जास्त भरलं, तेव्हा विभावरीताईंनी बॅगेतून कुकर, पोळपाट आणि चारुदत्तजींचे बूट काढून भावाच्या हातात दिले. पुस्तकं बॅगेतच राहिली. ही गोष्ट चारुदत्तजी अजून पाहुण्यांना सांगतात आणि शेवटी म्हणतात, "इंग्रजीत पैसा नाही. इंग्रजीतून आहे." म्हणजे इंजिनिअरिंग इंग्रजीतून शिकावं, पण नुसतं इंग्रजी शिकून काय करायचं, असं त्यांचं म्हणणं.

बरीच वर्षं ते खरंही वाटत होतं. विभावरीताई आधी शारजाच्या एका शाळेत लायब्ररी सांभाळायच्या. तीन हजार दिऱ्हाम पगार, रोजचा अडीच तास ट्रॅफिक, आणि चौथ्या वर्षी शाळेनं लायब्ररी काढून तिथे रोबोटिक्सचा वर्ग केला. मग त्या आमच्याच भागातल्या एका टायपिंग सेंटरमध्ये लागल्या. इथे व्हिसाचे, भाडेकराराचे, सगळ्या सरकारी कामांचे फॉर्म लोक अशा दुकानांतून भरून घेतात. फॉर्मवर 'भेटीचं कारण' असा रकाना असायचा. समोरचा माणूस म्हणायचा, बहीण. विभावरीताई विचारायच्या, बहिणीला भेटायचं कारण काय? मग तो माणूस खुर्ची ओढून बसायचा आणि सगळं सांगायचा. मालक काउंटरवरून ओरडायचा, "मॅडम, बहन लिखो और खलास करो, पीछे बारह लोग खड़े हैं."

आठ महिन्यांनी मालकानं हात जोडले. ऑगस्टमध्ये त्या घरी बसल्या आणि त्याच आठवड्यात त्यांचा एसी बंद पडला.

दुबईत ऑगस्टमध्ये एसी बंद पडणं म्हणजे काय ते इथे राहिलेल्यालाच कळेल. चारुदत्तजींनी इमारत सांभाळणाऱ्या कंपनीला सात फोन केले. प्रत्येक वेळी उत्तर एकच, टुमारो, इन्शाल्ला. विभावरीताईंची मुलगी मिहिका तेव्हा अकरावीत होती. ती आमच्याकडे येऊन अभ्यास करायची आणि विचारलं की म्हणायची, "आय अ‍ॅम अ रेफ्युजी, आभामावशी." बाराव्या दिवशी विभावरीताईंनी ओला टॉवेल डोक्यावर घेऊन कंपनीला पत्र लिहिलं. ते मी वाचलं आहे. इंग्रजीची मजा मराठीत येणार नाही, पण साधारण असं होतं: 'आमच्या एसीनं पुकारलेल्या संपाचा आज बारावा दिवस. त्याच्या मागण्या काय आहेत हे आम्हाला अद्याप कळलेलं नाही. कळल्या तर त्या सर्व मान्य करण्याच्या मनःस्थितीत आम्ही आहोत. आपल्याकडून रोज येणाऱ्या 'उद्या' या शब्दाची आम्हाला इतकी सवय झाली आहे की उद्या तो आला नाही तर चुकल्यासारखं होईल.'

दुसऱ्या दिवशी दारात सूट घातलेला एक माणूस उभा होता. त्याच्याकडे ना शिडी ना पाना. त्याचं नाव तहा, मूळचा अम्मानचा, कंपनीच्या ग्राहक विभागाचा मॅनेजर. मी तेव्हा तिथेच होते, आमच्या फ्रिजमधला बर्फ त्यांच्याकडे आणत होते.

"हे पत्र कोणी लिहिलं?" त्यानं इंग्रजीत विचारलं.

"मी," विभावरीताई म्हणाल्या. "काही चुकलंय का त्यात?"

"मी हे ऑफिसात मोठ्यानं वाचून दाखवलं, मॅडम. लोक हसले, मग सगळ्यांना लाज वाटली. सहा वर्षांत आमच्या ऑफिसात कोणाला लाज वाटलेली मी पाहिली नव्हती." त्यानं घाम पुसला. "आमच्याकडे अठरा इमारतींतून तक्रारी येतात. त्यांना उत्तर लिहायला माणूस हवा आहे. तुम्ही याल?"

"एसी?"

"एसीचं बघू, मॅडम. आधी पगाराचं बोलू."

पगार ठरला चौदा हजार दिऱ्हाम. मिहिकानं फोनवर हिशेब करून सांगितलं, तीन लाख अठरा हजार रुपये. चारुदत्तजींचा पगार साडेतेरा हजार होता. ते म्हणाले, "मेडिकल इन्शुरन्स देतात का विचार." एसी संध्याकाळी सुरू झाला.

अशा रीतीनं, तक्रार करता करता विभावरीताई तक्रारींना उत्तरं द्यायला लागल्या. त्यांच्या आधी कंपनीचं एकच छापील उत्तर होतं: आपली तक्रार आमच्यासाठी मोलाची आहे. विभावरीताईंनी ते वाक्य पहिल्या दिवशी कचऱ्यात टाकलं. तक्रार जर मोलाची असेल तर तक्रारी जास्त कराव्यात असं लोकांना वाटेल, असं त्यांचं म्हणणं. प्रत्येक माणसाला त्या वेगळं पत्र लिहू लागल्या. लिफ्टमध्ये अडकलेल्या एका गृहस्थांना त्यांनी लिहिलं, 'आपण सतरा मिनिटं आत होतात. पहिली पाच मिनिटं ही आमची चूक होती आणि नंतरची बारा ही आमची नामुष्की.' गॅलरीत कबुतरं येतात म्हणणाऱ्या बाईंना लिहिलं, 'कबुतरांशी आमचा कोणताही भाडेकरार नाही याची आम्ही खात्री करून घेतली आहे. त्यांना आता जाळीमार्फत नोटीस देण्यात येईल.'

लोक खूश झाले. कंपनी भाडेकरूंकडून तारे मागते, पाचपैकी किती म्हणून. ते दोनावरून साडेचारावर गेले. तहानं त्यांना स्वतंत्र केबिन आणि वर्षाला पाचशे दिऱ्हामची पुस्तकं घ्यायची सवलत दिली. विभावरीताई संध्याकाळी घरी येऊन सांगायच्या, "आज अकरा माफ्या मागितल्या." चारुदत्तजी म्हणायचे, "एखादी इकडे पण येऊ दे. सकाळी माझा डबा तू घेऊन गेलीस." त्यावर त्या म्हणायच्या, "डब्यावर नाव कुठे होतं?"

मिहिकाचं बारावीनंतर काय, हा विषयही घरात सुरू होता. तिला इंग्रजीच घ्यायचं होतं. पूर्वी चारुदत्तजी एका वाक्यात तिला गप्प करायचे, आता ते वाक्य त्यांना अर्धंच म्हणता यायचं.

"इंग्रजीत पैसा..." ते सुरू करायचे.

"डॅड, मॉम अर्न्स मोअर दॅन यू," मिहिका म्हणायची.

"पाचशेनंच," चारुदत्तजी म्हणायचे आणि टीव्हीचा आवाज वाढवायचे.

भानगड सुरू झाली ती जानेवारीत. अबू धाबीजवळ खलिफा सिटीत कंपनीची एक बेचाळीस फ्लॅटची इमारत आहे. सप्टेंबरमध्ये तिथून सहा तक्रारी आल्या होत्या. डिसेंबरमध्ये एकतीस. जानेवारीत एकाहत्तर. तहानं विभावरीताईंना आलेख दाखवला. तारे वर चाललेले आणि तक्रारीही वर चाललेल्या. त्याला हे काही समजेना. खूश माणूस तक्रार का करेल?

विभावरीताईंनी तक्रारी घरी आणून मला दाखवल्या. एकानं लिहिलं होतं, कॉरिडॉरमधला दिवा गरजेपेक्षा पांढरा आहे. दुसऱ्यानं, लिफ्टची घंटा चौथ्या मजल्यावर जरा उद्धटपणे वाजते. तिसरी तक्रार होती की पार्किंगमधल्या नऊ नंबरच्या खांबाकडे बघून उदास वाटतं.

"याला काय उत्तर दिलंत?" मी विचारलं.

"दीड पान," त्या म्हणाल्या. त्यांना आवरायचा प्रयत्न करूनही हसू आलं. "खांबाच्या बाजूनं लिहिलं मी. नऊ मजले डोक्यावर असताना कोण हसतमुख राहील?"

मला तेव्हाच कळलं. तहाला कळायला आणखी आठवडा लागला. लोकांना पत्रं आवडत होती आणि पत्र मिळवायचा एकच मार्ग होता, तक्रार. त्यानं विभावरीताईंना समोर बसवून सांगितलं, "मॅडम, प्लीज, थोडं वाईट लिहा."

विभावरीताईंच्या आयुष्यात त्यांना असं कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी मनापासून प्रयत्न केला. तीन दिवस त्या जुनं छापील उत्तर समोर ठेवून तसं लिहायला बघत होत्या. 'आपली तक्रार नोंदवण्यात आली आहे' एवढं लिहायच्या आणि हात शिवशिवायला लागला की पाणी प्यायला उठायच्या. शेवटी दातओठ खाऊन चाळीस कोरडी पत्रं त्यांनी पाठवली. दोन दिवसांनी खलिफा सिटीहून त्रेपन्न नव्या तक्रारी आल्या, सगळ्या पत्राबद्दल. एक अशी होती: 'आपल्या दिनांक चारच्या पत्रात एकही जिवंत क्रियापद आढळलं नाही. कृपया माणूस पाठवावा.' खाली सही, नर्मदा पिल्लै, फ्लॅट तीनशे चार.

"ही कोण बाई आहे ते मला बघायचंय," विभावरीताई मला म्हणाल्या. "शनिवारी मोकळी आहेस का?"

मला विचारायचं कारण म्हणजे गाडी. विभावरीताई ड्रायव्हिंगच्या परीक्षेत पाच वेळा नापास झाल्या आहेत. रस्त्यावरची प्रत्येक पाटी त्या पूर्ण वाचतात.

सव्वा तासाचा रस्ता आम्हाला दीड तास लागला. वाटेत त्या मला समजावत होत्या की आपण रागवायचं नाही, फक्त विनंती करायची. इमारतीच्या रिसेप्शनवर आम्ही तीनशे चार विचारलं, तर तिथल्या माणसानं तळमजल्यावरच्या मोठ्या खोलीकडे बोट दाखवलं. रहिवाशांचे वाढदिवस वगैरे होतात ती खोली. आत पंधरा-वीस माणसं खुर्च्या गोल मांडून बसली होती. बाजूला समोसे, खजूर आणि थर्मासमधला चहा. मध्यभागी पांढऱ्या केसांच्या, सुती साडीतल्या एक बाई, मांडीवर जाड फाइल. त्यांच्याशेजारी विमानतळावर मालवाहतूक बघणारा फहद नावाचा सुदानी गृहस्थ उभा राहून मोठ्यानं वाचत होता. मी दारातच थांबले. तो नऊ नंबरच्या खांबाचं पत्र वाचत होता.

वाचून झाल्यावर नर्मदाबाई इंग्रजीत म्हणाल्या, "दुसऱ्या परिच्छेदातला अर्धविराम बघा. तिथे पूर्णविराम दिला असता तर खांबाबद्दल कीव आली असती. अर्धविरामामुळे आदर वाटतो."

कोणीतरी मान डोलावली. मी विभावरीताईंकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते. त्या पर्स उघडून उगीच काहीतरी शोधत होत्या.

"मी लिहिलंय ते," त्या म्हणाल्या.

खोलीत जी गडबड उडाली ती सांगता येणार नाही. फहदनं आपली खुर्ची दिली, कोणी चहा आणला, दोन जणांनी पत्रांवर सह्या मागितल्या. नर्मदाबाई कोइंबतूरच्या एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, मुलीकडे राहायला आलेल्या. त्यांनी आधी खरीच तक्रार केली होती, नळाची. उत्तर आलं ते त्यांनी शेजाऱ्यांना वाचून दाखवलं. मग शेजाऱ्यांनाही आपल्या नावाचं पत्र हवंसं वाटलं. दर शनिवारी अकराला सगळे जमायचे. पुस्तकं वाचायचाही प्रयत्न त्यांनी केला होता, पण पुस्तकात त्यांच्या पार्किंगचा उल्लेख नसायचा.

विभावरीताई विनंती करायला आल्या होत्या हे त्या विसरल्याच. अर्धविरामावर त्यांची आणि नर्मदाबाईंची चांगली पंधरा मिनिटं चर्चा झाली. मी दुसरा समोसा घेतला. तेवढ्यात दाराजवळ उभी असलेली एक तरुण मुलगी पुढे आली. कडेवर वर्षाची मुलगी होती. आमचं आपसातलं बोलणं तिनं ऐकलं असावं.

"ताई, तुम्ही मराठी आहात ना?" ती म्हणाली. "मी अस्मी. एकशे दोनमध्ये राहते. मलाही तुमचं पत्र आलं होतं."

"हो का? कशाबद्दल?"

"गीझर. तीन आठवडे बंद आहे. पत्र खूप छान होतं. मी नवऱ्याला वाचून दाखवलं." ती थोडी अडखळली. "पण पाणी अजून गारच येतंय. हिला आंघोळ घालायला मी पातेल्यात तापवते."

जानेवारी-फेब्रुवारीत अबू धाबीचं पाणी सकाळी बोटं बधिर करतं. विभावरीताईंनी नर्मदाबाईंच्या मांडीवरची फाइल मागून घेतली आणि त्यात अस्मीची मूळ तक्रार शोधायला लागल्या. ती त्या फाइलमध्ये असायचं काहीच कारण नव्हतं. मग फोनवर शोधली. तक्रार चार शब्दांची होती: गीझर नॉट वर्किंग, प्लीज. तिच्याखालच्या नोंदीत लिहिलं होतं की प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन खलिफा सिटीत आले होते, पण त्यांचा सगळा वेळ कॉरिडॉरच्या दिव्यात, लिफ्टच्या घंटेत आणि नऊ नंबरच्या खांबात गेला. खांबाला त्यांनी क्रीम रंग दिला होता.

"मला माफ कर गं," विभावरीताई अस्मीला म्हणाल्या. एवढंच. इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून ते पहिल्यांदा ऐकलं, आणि त्यात एकही अलंकार नव्हता.

मग त्यांनी तहाला फोन लावला. शनिवार होता, तो कुटुंबासोबत समुद्रावर होता. पहिल्यांदा तो म्हणाला, "मॅडम, उद्या, इन्शाल्ला."

"तहा, हा शब्द मी बारा दिवस ऐकला होता," त्या म्हणाल्या. "मी एकशे दोनच्या बाथरूममध्ये स्टूलवर बसले आहे. गरम पाणी येईपर्यंत इथेच बसणार आहे आणि दर दहा मिनिटांनी तुम्हाला एक पत्र पाठवणार आहे."

तिसऱ्या पत्रानंतर इलेक्ट्रिशियन आला. चाळीस मिनिटांत गीझर बदलला. पाणी गरम आलं का ते विभावरीताईंनी स्वतः हात घालून पाहिलं आणि बाही कोपरापर्यंत भिजवून घेतली.

निघण्यापूर्वी त्या पुन्हा मोठ्या खोलीत गेल्या आणि सगळ्यांना उद्देशून बोलल्या. खोटी तक्रार आली तर तिला छापील उत्तर जाईल, क्रियापदाशिवाय. त्याऐवजी महिन्याच्या पहिल्या तारखेला सगळ्या इमारतीला मिळून एक लांब पत्र येईल. त्यात पार्किंग, लिफ्ट, टाकीची सफाई, सगळं असेल. नर्मदाबाईंनी हात वर केला. पत्र किती पानांचं, त्यांनी विचारलं. विभावरीताई म्हणाल्या, चार. घासाघीस होऊन सहावर मिटलं.

परतताना गाडीत त्यांनी रस्त्यावरची एकही पाटी वाचली नाही. मग म्हणाल्या, "आभा, तुला माहितेय का, इतकी वर्षं मी वाचत आले, पण मला कोणी वाचतंय हे आज पहिल्यांदा बघितलं. आणि नेमकं त्याच वेळी ते पोर गार पाण्यानं..." पुढे त्यांनी वाक्य सोडलं. एरवी त्या वाक्य अर्धवट सोडत नाहीत.

सोमवारी त्यांनी तहाला दोन अटी घातल्या. तक्रारीचं काम झाल्याशिवाय पत्र जाणार नाही, आणि चार शब्दांची तक्रार आधी बघायची, दोन पानांची नंतर. तहाला हे पटायला वेळ लागला नाही, कारण पुढच्या महिन्यात खलिफा सिटीच्या तक्रारी नऊवर आल्या आणि नऊही खऱ्या होत्या. महिन्याचं पत्र बाकीच्या इमारतींनीही मागितलं. विभावरीताईंना नवं पद मिळालं, रहिवासी संवाद प्रमुख, आणि पगार सतरा हजार झाला. मिहिकानं रुपये सांगायला फोन काढला तेव्हा चारुदत्तजी म्हणाले, "राहू दे."

चारुदत्तजी आता वेगळंच करतात. गणेशोत्सवात, महाराष्ट्र मंडळाच्या जेवणात, कुठेही कोणाचा मुलगा किंवा मुलगी पुस्तकं वाचणारी निघाली की त्यांना नेऊन ते विभावरीताईंपुढे उभं करतात. "हिला विचारा. इंग्रजीत चांगला स्कोप आहे." विभावरीताई त्या मुलाला विचारतात, काय वाचतोस? आणि मग विचारतात, आईनं कामाला हाक मारली तर पहिल्या हाकेला उठतोस का? पालकांना दुसरा प्रश्न आवडतो, मुलांना दोन्ही आवडत नाहीत. मिहिका शारजाच्या एका विद्यापीठात इंग्रजी घेऊन पहिल्या वर्षाला आहे. फीचं पत्र आलं तेव्हा चारुदत्तजींनी ते आधी वाचलं आणि मग बायकोकडे देऊन म्हणाले, "यांना जरा हप्त्यांसाठी लिही ना. तुझ्या पद्धतीनं."

परवा संध्याकाळी मी चहाला गेले होते. या महिन्याचं पत्र पाण्याच्या टाकीबद्दल होतं, सहा पानं. नर्मदाबाईंनी त्याची प्रत तपासून, फोटो काढून परत पाठवली होती. पाचव्या पानावर एका स्वल्पविरामाला लाल गोल. विभावरीताईंनी चष्मा लावला, फोटो मोठा करून पाहिला, खालची ओळ तीनदा वाचली. मग मला म्हणाल्या, "आभा, चहा उकळला की बंद कर, मी एक फोन करून येते," आणि आतल्या खोलीत जाऊन त्यांनी दार लावलं. चहा मी बंद केला, गाळला, माझा प्यायलाही. आतून त्यांचा आवाज येत होता. टाकीपासून सुरुवात झाली होती आणि आता त्या बायबलच्या इंग्रजी भाषांतरापर्यंत पोचल्या होत्या. मी त्यांच्या कपावर बशी झाकून ठेवली आणि घरी आले.